गणपतीपुळ्याहून सोलापूर: वाट वाकडी करावी का?

रिकामी डिकी
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गणपतीपुळ्याला आहोत. परत पुण्याला जायचं आहे, पण मधे दोन दिवस मोकळे उरतात. किनारे आता पुरे झाले असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. रत्नागिरी-सोलापूर महामार्ग बराचसा चौपदरी झालाय असं ऐकून सोलापूरचा विचार आला. गाडी स्वतःची. चौघं आहोत: आम्ही दोघं, आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, सपाटीवर तासभर चालते, उंच पायऱ्या नको) आणि दहा वर्षांचा मुलगा, ज्याला किल्ले आणि तोफा सोडून काही सुचत नाही. देवदर्शन झालं तर उत्तम, पण लांब रांग नको. एवढं अंतर तोडून यावं असं शहरात खरंच काही आहे का? गावाच्या अभिमानापोटी "या की" म्हणू नका, खरं सांगा.

हिशेबी
आधी किलोमीटर बघा. गणपतीपुळे ते पुणे सरळ गेलात तर सव्वातीनशेच्या आसपास. सोलापूरमार्गे गेलात तर गणपतीपुळे-सोलापूर साधारण पावणेचारशे आणि सोलापूर-पुणे अडीचशे. म्हणजे जास्तीचे तीनशे किलोमीटर. हे तीनशे तुम्हाला एका मुक्कामात पचवायचेत की दोन, यावर सगळं अवलंबून आहे.

सोलापूर बघून पुन्हा कोकणात उतरायचं असेल तर उत्तर सरळ "नाही". आंबा घाट दोनदा, तोच रस्ता दोनदा, त्यात दोन्ही दिवस संपतात. तुम्हाला मात्र पुण्यालाच जायचंय, म्हणजे सोलापूर परतीच्या वाटेवर बसवता येतं. म्हणून विचार करण्यासारखं आहे.

जुनी गिरणी
सोलापूरचाच आहे म्हणून सांगतो: नुसतं शहर बघायला येणार असाल तर येऊ नका. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ, इंद्रभुवन (महापालिकेची जुनी इमारत), चार हुतात्मा पुतळे, एक चादर, एक जेवण. अर्ध्या दिवसात आटोपतं. गिरण्यांचं सोलापूर म्हणून जे वाचलेलं असतं ते आता बहुतेक बाहेरूनच बघायचं. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उरलीत. आतून गिरणी बघायला मिळेल या आशेवर कोणी येऊ नये.

शहर मुक्कामाला ठेवून भोवतालचा शंभर किलोमीटरचा पट्टा बघणार असाल तर मात्र दोन दिवस कमी पडतील. माचणूर, हत्तरसंग कुडल, नळदुर्ग, विजापूर. त्यातलं काय निवडायचं हा खरा प्रश्न आहे.

पंचकट्टा
अर्धा दिवस म्हणून इतकं उडवून लावू नका हो. किल्ला नीट बघायला दीड-दोन तास लागतात. शहराच्या मधोमध, सपाटीवर, दुहेरी तटबंदीचा आणि खंदकाचा बहमनी काळातला किल्ला, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. डोंगर चढायचा नाही, त्यामुळे आईंना सोपा. फक्त तटावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, तिथे त्यांना नेऊ नका. खाली बागेतून चालत सगळं दिसतं.

आत गेल्यावर लोक दोन गोष्टी चुकवतात. एक, उत्खननात उघडं पडलेलं जुनं देऊळ: खांब, कोरीव दगड, चौथरा. दुसरी, तटाचे आणि बुरुजांचे दगड. जवळ जाऊन बघा, जुन्या देवळांचे कोरीव दगड चिऱ्यांसारखे वापरलेले दिसतात. मुलाला ते शोधायला लावा, तासभर कुठे जातो कळत नाही. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे आणि सूर्यास्तानंतर आत सोडत नाहीत. दुपारी बारा ते तीन टाळा, डिसेंबरातही ऊन लागतं आणि तटाजवळ सावली नाही.

तटबंदी
किल्ल्याचा इतिहास मुलाला आधी सांगून आणा, नाहीतर तो "डोंगर कुठंय?" विचारणार. सोळाव्या शतकात हा किल्ला विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यातला कायमचा भांडणाचा मुद्दा होता. लग्नाच्या बोलणीत सोलापूर आंदण म्हणून यायचं आणि दिलं नाही की लढाई व्हायची. चांदबिबीचं अली आदिलशाहाशी लग्न झालं तेव्हाही आंदणात सोलापूरच होतं. पुढे १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने वेढा घालून किल्ला घेतला. पेशवाईच्या शेवटच्या लढायांपैकी ही एक.

हे डोक्यात ठेवून विजापूरला गेलात तर मलिक-ए-मैदान तोफेपाशी उभं राहिल्यावर अर्थ लागतो. ती तोफ अहमदनगरला ओतली (१५४९), मग परांड्याला होती, तिथून विजापूरला नेली. तोफ फिरली तोच हा सगळा पट्टा.

रिकामी डिकी
तोफेचं वाचून मुलगा विजापूरसाठी हटून बसलाय! विजापूर सोलापूरहून एका दिवसात होतं का? आणि मग सोलापूर शहर कधी बघायचं?

तटबंदी
होतं. अंतर शंभर किलोमीटर, रस्ता चौपदरी, दोन तासांच्या आत पोचता. अट एकच, सकाळी साडेसहाला सोलापूर सोडायचं. गोलघुमट सकाळीच बघायचा, कारण डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना. दहाच्या पुढे कुजबुज सज्जात शंभर पोरं एकदम ओरडत असतात आणि तिथला प्रतिध्वनी ऐकायलाच मिळत नाही. लवकर पोचलात तर एकाने सज्जाच्या या टोकाला भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं, दुसऱ्याने समोरच्या टोकाला कान लावायचा.

आईंसाठी: सज्जा वर आहे. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले चढून जावं लागतं, पायऱ्या अरुंद आणि उंच. त्यांनी खाली थांबावं. खालूनही घुमट कळतोच, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा आणि मधे एकही खांब नाही. नंतर इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर. तिथे चढ जवळपास नाही आणि नक्षी गोलघुमटापेक्षा कितीतरी नाजूक. वेळ कमी पडला तर बारा कमान (अर्धवट राहिलेली कबर) सोडा, इब्राहिम रोजा सोडू नका. मलिक-ए-मैदान तटाच्या बुरुजावर आहे, थोड्या पायऱ्या, अर्धा तास पुरे.

दुपारी जेवून दोनला निघालात तर चारला सोलापूर. संध्याकाळी सिद्धेश्वर.

माळरान
विजापूरचा एवढा गजर चाललाय तर परतीच्या वाटेवरचं एक ठिकाण सांगतो. सोलापूरकर स्वतःच तिथे क्वचित जातात. हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांचा संगम. विजापूर रस्त्याने येताना मंद्रूपच्या बाजूने आत वळायचं. शेवटचा टप्पा अरुंद गावरस्ता आहे, समोरून उसाची ट्रॉली आली तर कडेला थांबून वाट द्यावी लागते.

तिथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वरात एका शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, बाजूने फिरत नीट बघायची, घाईत नुसता खरबरीत दगड दिसतो. संगमेश्वरात शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. कोरीव अक्षरं बारीक आहेत. तिरपं ऊन असताना उमटून दिसतात, दुपारी डोक्यावर सूर्य असला की काहीच कळत नाही. म्हणून चारनंतर जा किंवा मोबाईलची बॅटरी बाजूने तिरपी धरा. अक्षरांवर पाणी, खडू, पावडर काहीही लावू नका.

तिथे खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका. पाणी गाडीत ठेवा.

हिशेबी
विजापूर + कुडल + सिद्धेश्वर एका दिवसात आई आणि दहा वर्षांच्या मुलासह? कागदावर बसतं. गाडीत संध्याकाळपर्यंत कोणी कोणाशी बोलत नसेल. कुडल किंवा सिद्धेश्वराची संध्याकाळ, दोन्हीतलं एकच धरा.

पंचकट्टा
मग सिद्धेश्वर धरा. तळ्याच्या मधोमध देऊळ, संध्याकाळी काठावर बसायला जागा, आईंना पुलावरून सपाट चालत जाता येतं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवेश्वरांच्या काळातले. तळं त्यांनी लोकांच्या श्रमातून खोदवलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केली. त्यांची समाधी देवळाच्या आवारातच आहे, ती न बघता लोक परत जातात. एरवी रांग फारशी नसते, सोमवारी थोडी.

संक्रांतीच्या आसपास मात्र सगळं वेगळं. गड्ड्याची यात्रा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा: सात नंदीध्वज, यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता सोहळा (सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह), होम प्रदीपन, शोभेचं दारूकाम, कप्पडकळी (सांगता). त्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी नेता येत नाही आणि लॉज आधीपासून भरलेले. यात्रा बघायलाच येणार असाल तर अक्षता सोहळ्याचा दिवस धरून या. तुम्ही डिसेंबरात येताय, त्यामुळे प्रश्न नाही.

वारीची वाट
डिसेंबरात गड्डा नाही, पण दत्तजयंती येते. मार्गशीर्ष पौर्णिमेला अक्कलकोट आणि गाणगापूर दोन्हीकडे गर्दी असते आणि त्याचा ताण सोलापूरच्या लॉजवर पडतो. तुमच्या तारखा कॅलेंडरला लावून बघा. दत्तजयंती आणि आदला दिवस तेवढा टाळा.

अक्कलकोट सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. गुरुवार सोडून गेलात तर वटवृक्ष देवस्थानात रांग आवाक्यात असते, अन्नछत्रात दुपारी प्रसाद मिळतो. तिथल्या राजवाड्यातलं शस्त्रागार उघडं आहे का ते आधी फोनवर विचारून घ्या. मुलाला ते देवळापेक्षा जास्त आवडेल.

कडक भाकरी
जेवणाचं कुणीच बोलेना. मालक, सोलापूरला येऊन हॉटेलात पनीर खाल्लंत तर वाट वाकडी केल्याचं पापच लागेल बघा 😄

शेंगा चटणी घ्यायची तर कुटलेली घ्या, मिक्सरची नको. उखळात कुटलेल्या चटणीला शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि ती बोटात घेऊन दाबली की गोळा बनते. मिक्सरची कोरडी, भुकटीसारखी. लसूण आणि तिखट यांचं प्रमाण दुकानागणिक बदलतं, चव घेऊनच वजन सांगा. हवाबंद डब्यात महिनाभर सहज टिकते, ओला चमचा घातलात की वास येतो.

कडक भाकरी: ज्वारीची किंवा बाजरीची, पातळ थापून आधी नेहमीसारखी भाजतात आणि मग मंद आचेवर पूर्ण पाणी उडेपर्यंत वाळवतात. पाणी राहिलं तर मधे मऊ पडते आणि दोन दिवसांत बुरशी. घेताना मधोमध मोडून बघा, टक् असा आवाज आला पाहिजे. पुण्यात नेल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता पत्र्याच्या डब्यात ठेवा. दमट झालीच तर तव्यावर दोन मिनिटं.

शेंगा पोळी घ्या, प्रवासात आठवडाभर बरी राहते. मटण खाणारे असाल तर खानावळीत कडक भाकरी रश्श्यात कुस्करून खा. आणि विजापूर वेशीत संध्याकाळी शिगा (सळईवर भाजलेलं मटण) लागतात, त्या वाटेने जाताना नाक बंद ठेवणं जमत नाही. शाकाहाऱ्यांनी पार्क चौकातली चौपाटी गाठावी, डिस्को भजी तिथे मागा.

रिकामी डिकी
आई शाकाहारी, बाकी आम्ही तिघं नाही. चादरीचंही विचारायचं होतं. पुण्यात सोलापुरी म्हणून जे विकतात ते खरं असतं का? खरी ओळखायची कशी?

पाटवारा
बाजारात सोलापुरीच्या नावाने पानिपतचा माल भरपूर आहे, अगदी सोलापुरातसुद्धा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रात ते आधी मिळालेल्या मालात ही चादर येते. पण लेबल छापायला वेळ लागत नाही, म्हणून हातात घेऊन तपासा.

१) चादर उलटी करा. जॅकार्ड मागावर (नक्षी विणणारा माग) रंगीत सुताने विणलेली असते, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. मागच्या बाजूला नक्षी पुसट किंवा नाहीच, तर ती छपाई.

२) काठाचा एक धागा काढून जाळा (दुकानाबाहेर, दुकानदाराला सांगून). सूत कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा, मऊ राख उरते. गोळी होऊन आकसलं आणि हाताला टणक लागलं तर त्यात पॉलिएस्टर आहे.

३) वजन. एकेरी चादर साधारण ६० बाय ९० इंच. त्याच मापाच्या दोन चादरी दोन हातांत घ्या, हलकी ती विरळ विणलेली. उजेडाकडे धरा, जाळी दिसली तर परत ठेवा. किंमत विचारण्याआधी हे करा, नंतर नाही.

४) माप टेपने मोजा. लेबलवरचं माप धुण्याआधीचं असतं, सूत आकसणारच.

धुताना पहिल्या दोन वेळा थंड पाण्यात, वेगळी, खडेमीठ घालून अर्धा तास भिजवून. गडद लाल आणि निळा रंग थोडा सुटतो, त्यात पांढरा पंचा टाकलात तर तोही सोलापुरी होईल.

जुनी गिरणी
पाटवारांचं बरोबर. भर म्हणून: आज इथल्या मागांवर चादरीपेक्षा टेरी टॉवेल जास्त निघतो. टॉवेलला चादरीसारखंच मानांकन आहे आणि वजनाच्या मानाने तोच स्वस्त पडतो. माग चालताना बघायचा असेल तर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत विचारणा करा. कारखान्याच्या सुट्टीचा वार आणि दुपारची जेवणाची वेळ टाळायची. आत आवाज प्रचंड असतो, आईंना दारातच ठेवा. मुलाचा हात सोडू नका, पट्टे उघडे असतात. तिथे घरोघरी तेलुगू ऐकू येईल, किल्ल्याच्या बाजूला कन्नड, मधे मराठी आणि उर्दू. हे ऐकण्यासाठीही शहरात अर्धा दिवस घालवायला हरकत नाही, मी वर म्हटलं त्यात एवढी सूट देतो.

रिकामी डिकी
सूट मिळाली! आता रस्त्याचं सांगा. गणपतीपुळे सोडल्यावर कुठे अडायला होतं?

हिशेबी
गणपतीपुळे-निवळी-हातखंबा-पाली-साखरपा-आंबा घाट-मलकापूर-कोल्हापूर. इथपर्यंत साडेतीन तास धरा. घाटात आणि खाली चौपदरीकरणाची कामं जिथे चालू असतील तिथे वळणं आणि खडी असते, म्हणून घाट उजेडात चढा. कोल्हापूर-मिरज पट्ट्यात गर्दी. मिरज मागे टाकलं की गाडी सुटते: कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर. कोल्हापूर ते सोलापूर सव्वाचार ते पावणेपाच तास, जेवणाचा थांबा वेगळा.

सकाळी सातला निघालात तर घाट चढेपर्यंत आणि पुढेही सूर्य समोर. ड्रायव्हरला गॉगल आणि काच आतून पुसलेली. दुपारनंतर ऊन पाठीवर येतं, मग त्रास नाही.

खरा धोका वेगळाच आहे. डिसेंबर म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम. सांगलीपासून सोलापूरपर्यंत आणि पुढे पुणे रस्त्यावरही एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वरून बाहेर आलेला ऊस, आणि मागे दिवा नाही. अंधारात ती ट्रॉली शंभर फुटांवर आल्यावरच दिसते. चौपदरी रस्ता म्हणून शंभरच्या वेगाने जाणाऱ्यांचे अपघात याच कारणाने होतात. सूर्यास्ताच्या आत सोलापूर, एवढा एक नियम पाळा. अंधार झालाच तर उजवी लेन, वेग साठ-सत्तर, आणि पुढच्या गाडीने अचानक लेन बदलली तर समजा पुढे ट्रॉली आहे.

माळरान
त्याच रस्त्यावर मंगळवेढा आणि सोलापूर यांच्या मधे माचणूर आहे, महामार्गापासून थोडंसंच आत. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, नदीत उतरणारा घाट आणि शेजारी पडीक किल्ला. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी काही वर्षं इथे ब्रह्मपुरीला होती. एवढ्या मोठ्या मुघल फौजेचा तळ ज्या गावात होता ते आज किती लहान आहे हे बघूनच आश्चर्य वाटतं. पाऊण तास पुरतो. घाटाच्या पायऱ्या आईंना नको, देवळाच्या ओसरीवरून नदी दिसते. किल्ल्याच्या आत काटेरी झुडपं, चप्पल नको, बूट हवेत.

मंगळवेढ्यात संत चोखामेळ्यांची समाधी आणि दामाजीपंतांचं देऊळ, दोन्ही गावातच. ज्वारी घ्यायची असेल तर इथली मालदांडी घ्या, मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे. पण डिसेंबरात ती शेतात उभी असते. मिळेल ती गेल्या हंगामाची, कीड आहे का बघून घ्या. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपासून.

वारीची वाट
मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीस किलोमीटर. "एवढ्या जवळून जातोय तर" म्हणून वळाल, पण त्यात अर्धा दिवस जातो. वळलातच तर मुखदर्शनाची रांग धरा, पददर्शनाची नको. एकादशी आणि शनिवार-रविवार टाळा. वळायचं नक्की असेल तर माचणूर सोडून द्या.

तटबंदी
नळदुर्गाबद्दल कोणी लिहिलं नाही. हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. बोरी नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं काम. धरणाच्या भिंतीवरून पाणी सांडलं की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि महालाच्या खिडकीतून पाण्याचा पडदा दिसतो. ते दृश्य पावसाळ्यात, चांगला पाऊस झाला तरच. डिसेंबरात फोटोतल्यासारखं पाणी मिळेल असं धरून येऊ नका. तरीही किल्ला मोठा आहे. उपळ्या बुरुज चढून मुलगा खूश होईल. पाणीमहालात उतरायच्या पायऱ्या ओल्या आणि अंधाऱ्या, आईंना वरच्या बागेत बसवा.

विजापूर आणि नळदुर्ग यांत एकच निवडायचं असेल तर: पावसाळ्यात, सप्टेंबरपर्यंत नळदुर्ग, हिवाळ्यात विजापूर.

माळरान
आणि नान्नज. माळढोक अभयारण्य, सोलापूरहून वीसेक किलोमीटर, पहाटेच जायचं. माळढोक दिसेल या आशेवर अजिबात येऊ नका, त्यांची संख्या इतकी उरलेली नाही. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा, आणि हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून घिरट्या घालत जाताना दिसतो. दुर्बीण नसेल तर सोडून द्या, नुसत्या डोळ्यांनी मुलाला पिवळं गवतच दिसेल. गाडी आखलेल्या वाटेबाहेर नेऊ नये, भडक कपडे नकोत.

रिकामी डिकी
आता असं ठरवतोय. पहिला दिवस: गणपतीपुळे सकाळी सातला सोडणं, जेवण मिरजेच्या पुढे, माचणूर, उजेड असताना सोलापूर. दुसरा: पहाटे विजापूर, चारला परत, संध्याकाळी सिद्धेश्वर. तिसरा: सकाळी किल्ला आणि चादर, जेवून पुणे. म्हणजे दोन मुक्काम. सुट्टी एक दिवस वाढवावी लागते. चालेल?

हिशेबी
चालेल. पहिल्या दिवशी सात नको, सहाला निघा. माचणूर सूर्यास्ताआधी धरायचं तर तो तास हवा. तिसऱ्या दिवशी सोलापूर दुपारी दीडच्या आत सोडा. पुण्यात शिरताना हडपसरच्या कोंडीत तास जातो, तो मोजलेला नसतो.

सुट्टी वाढत नसेल तर विजापूर काढा. दोन दिवसांत विजापूर कोंबू नका.

जुनी गिरणी
आणि विजापूर काढलंत तर सोलापूरही काढा असं मी म्हणेन. नुसत्या शहरासाठी तीनशे किलोमीटर जास्तीचे, हे माझं गणित बसत नाही. त्यापेक्षा कोल्हापूर-पन्हाळा करा, तुमच्या वाटेवरच आहे.

पंचकट्टा
आपल्याच गावाला असं म्हणता, शोभतं का अण्णा? किल्ला, तळं, देऊळ, चार हुतात्मे... ज्या गावात १९३० साली लष्करी कायदा लावावा लागला, ते गाव तीनशे किलोमीटरच्या लायकीचं नाही?

जुनी गिरणी
गावाची लायकी कोणी काढली? मुलाला चार हुतात्म्यांचं जरूर सांगा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. पुतळे पार्क चौकाजवळच आहेत. पण ते सांगायला आठ तास गाडी चालवून ६८ वर्षांच्या बाईंना आणायचं का, एवढाच मुद्दा. त्यांना एक दिवस जास्तीचा द्या आणि आणा, मग माझी तक्रार नाही.

किनारपट्टी
माझा प्रश्न जोडून विचारते. आम्ही गोव्यात असतो, गाडी नाही. आम्हाला हे जमेल का?

हिशेबी
रेल्वेने अवघड. कोकण रेल्वेवरून घाट चढणारी लाईन रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाही, फिरून यावं लागतं. जून २०२५ पासून गोवा-सोलापूर विमान सुरू झालं आहे. लहान विमान, रोज असेलच असं नाही, वार बघून तिकीट काढा. सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर, शहरालगतच, रिक्षाने स्टेशन फार लांब नाही. सामानाची मर्यादा तिकिटावर वाचा: दोन डबल चादरी घेतल्या की वजनाला चांगल्याच भरतात. विजापूरला सोलापूर स्टँडवरून बस सतत असतात. कुडल आणि माचणूरला गाडी ठरवूनच जा.

वारीची वाट
ताईंसाठी एक: कोजागिरीच्या आसपास येऊ नका. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भक्तांची रीघ असते आणि वाहनं दुसरीकडून वळवतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर रस्त्यांचंही तेच. एप्रिल-मे तर नकोच, पारा चाळीस ओलांडतो आणि किल्ल्याचे दगड हात लावण्यासारखे राहत नाहीत.

रिकामी डिकी
रजेचा एक दिवस वाढवला. लॉज कुठल्या भागात बघू? आईसाठी लिफ्ट हवी.

पंचकट्टा
सात रस्ता किंवा होटगी रस्ता. पहाटे विजापूर रस्त्याला लागायचंय, त्यामुळे गावातल्या पेठांत शिरू नका, गल्ल्या अरुंद आणि गाडी लावायला जागा नाही. बुकिंग करताना दोन गोष्टी फोनवर विचारा: लिफ्ट रात्री चालू असते का, आणि गरम पाणी किती वाजता. शहरात नळाला पाणी रोज येत नाही. लॉजवाल्यांकडे टाक्या असतात, पण काही ठिकाणी गरम पाणी सकाळी सहाच्या आत नसतं आणि तुम्हाला साडेसहाला निघायचंय. गाडीचं पार्किंग आवारात आहे का तेही विचारा, रस्त्यावर लावावी लागेल तिथे नको.

कडक भाकरी
आणि भाकरीचा डबा पत्र्याचाच आणा. घरून.